तिसऱ्या उघाडीची फळी

आधीच सांगून टाकते, मी जन्माची भांडकुदळ. पटलं नाही तर गप्प बसणं मला जमत नाही, आणि कळलं नाही तर नुसतं घोकणं त्याहून जमत नाही. या स्वभावापायी कॉलेजच्या पहिल्याच प्रॅक्टिकल चाचणीला मी शून्य मार्क घेतले, आणि तेही शून्यावरूनच भांडून. आई म्हणायची, "तुझ्या नाकावरचा राग एक दिवस तुला खाईल." खाल्लं नाही. पण खायला टेकला होता, हे खरं.

आमचं गाव पेणजवळ, धरमतरच्या खाडीला लागून. बांधाच्या एका अंगाला भाताची जमीन, दुसऱ्या अंगाला मिठागर. बाबा धरमतरच्या जेट्टीवर, बार्जवर कामाला. पंधरा पंधरा दिवस घरी नसायचे, आणि आले तरी बोलायचे कमी, झोपायचे जास्त. त्यामुळे घर चालायचं आईच्या तोंडावर. मिठागरात आई आणि मी जोडीने काम करायचो. हे काम जोडीशिवाय होतच नाही. मीठ ओढून ढीग लावणं एकटीला जमेल, पण ओल्या मिठाने भरलेली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो. दहावी झाल्यापासून आईचा तो हात म्हणजे मी.

म्हणून बारावीनंतर मी कॉलेजचं नाव काढलं तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेही साधं पेणचं कॉलेज नाही, रोह्याचं! कारण त्या वर्षी रोह्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कम्प्युटर हा नवीन विषय सुरू झाला होता. कम्प्युटर मी तोवर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पण पेणच्या बाजारात, बँकेत, एस.टी. स्टँडवर, जो तो त्याबद्दल बोलत होता, आणि सगळे बोलतात आणि मला कळत नाही म्हणजे काय? माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

तिसऱ्या दिवशी आई पेणच्या बाजारातून आली ती एक कोरी करकरीत बांबूची टोपली घेऊन. दारालगतच्या खिळ्यावर तिने ती अडकवली आणि माझ्याकडे वळली.

"एक वरीस जा," ती म्हणाली. "या वर्षापुरती शेजारची काकी मला हात देईल. पास झालीस तर पुढं शीक, मी एक शब्द बोलणार नाय. नापास झालीस तर ही टोपली तुझी. मग रडायचं नाय आणि भांडायचं तर मुळीच नाय. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पण घरातून निघताना ती टोपली दिसायची आणि घरात शिरतानाही दिसायची. वर्षभर एक दिवस असा गेला नाही की ती मला दिसली नाही.

सकाळी एस.टी.ने पेण, पेणहून गाडीने रोहा. गाड्या दिवसातून मोजक्याच. एक चुकली की तास बुडाले. नागोठणं गेलं की मी वही बंद करायची आणि रोह्यापर्यंत नुसती खिडकीतून बाहेर बघायची. कॉलेजात जवळच्या धाटावच्या रासायनिक कंपन्यांत काम करणाऱ्यांची मुलं पुष्कळ. त्यांच्या घरी मीटर, टेस्टर, सोल्डरिंगचं हत्यार असलं सगळं असायचं. वाऱ्याने धाटावचा वास शहरात आणला की मी नाक दाबायची आणि ती मुलं म्हणायची, "वास? कसला वास?" सवय, दुसरं काय!

आमची कम्प्युटरची खोली म्हणजे पूर्वीची वनस्पतिशास्त्राची अडगळ. कपाटात अजून बरण्या होत्या. कोपऱ्यात टेबलावर एकच एक कम्प्युटर, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. त्याच्या डोक्यावर हळदीकुंकवाचा टिळा होता, उद्घाटनाला नारळ फोडला तेव्हाचा. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. पहिले तीन महिने आम्ही त्याला हातही लावला नाही, लांबूनच बघितलं, देवळात बघतात तसं. सर म्हणाले, "आधी त्याच्या पोटात काय चालतं ते शिका. मग हात."

पोटातलं शिकायला पाच बोर्ड होते. प्रत्येक बोर्डावर वायरी खुपसायला भोकांची जाळी, वर एका ओळीत छोटी सरकती बटणं, बटण एका बाजूला केलं की एक, दुसऱ्या बाजूला केलं की शून्य. एक लाल दिवा. आणि काळ्या किड्यासारखी चौदा पायांची चिप, जिला सगळे आयसी म्हणायचे. एका बोर्डावर दोघं. माझी जोडीदारीण रोह्याचीच, बाजारपेठेतली. तिचे अब्बा कुवेतला. त्यांनी पाठवलेला कॅल्क्युलेटर ती जिवापाड जपायची आणि फक्त मला वापरू द्यायची. बदल्यात मी तिला पेणचे पापड आणून द्यायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तू कुठली गो?" मी सांगितलं. त्यानंतर वर्षभर मी तिची "मीठवाली".

आता माझ्या फुशारकीची गोष्ट. सरांनी फळ्यावर पहिल्यांदा दोन चित्रं काढली. एकात दोन वाटा आत जातात आणि एक बाहेर येते. दोन्ही वाटांवर एक असेल तरच बाहेर एक. दुसऱ्यात दोन्हींपैकी कुठल्याही वाटेवर एक असला की बाहेर एक. वर्गात सगळ्यांचे चेहरे कोरे. धाटाववाल्यांचेसुद्धा! मी मात्र हात वर केला. म्हटलं, "सर, आमच्या मिठागरात हे आहे."

सगळे हसले. पण मी काय थांबते? मी सांगितलंच. आमच्याकडे बांधात दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. लाकडी चौकट, तिला खाच, खाचेत फळ्या. फळ्या वर काढल्या की खाडीचं पाणी आत, खाली घातल्या की बंद. एकाच पाटावर एकापुढे एक अशा दोन उघाड्या असल्या तर दोन्हींच्या फळ्या काढल्याशिवाय पाणी वाफ्यात पोचत नाही. हे तुमचं पहिलं चित्र. आणि एकाच बांधात शेजारी शेजारी दोन उघाड्या असल्या तर कुठलीही एक काढा, पाणी आलंच. हे तुमचं दुसरं. सर म्हणाले, "बस खाली. बरोबर आहे." अहाहा! त्या दिवशी मी गाडीत नाही, हवेत बसून पेणला आले.

ही हवा लवकरच निघाली. सर सांगायचे की आत एक पाठवायचा असेल तर वायर लाल भोकात, म्हणजे विजेला जोडायची, आणि शून्य पाठवायचं असेल तर काळ्या भोकात, म्हणजे जमिनीला जोडायची. पहिले काही दिवस बटणंही वापरायची नाहीत, वायरच इकडून तिकडे करायची. मला हे पटेना. लाल ठीक. पण शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग काहीच नाही पाठवायला वायर कशाला? वायर काढून घेतली की झालं शून्य. आमच्या घरी सुतळीचा तुकडाही कुणी फुकट घालवत नाही, आणि इथे काहीच नसण्यावर अख्खी वायर?

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "शून्यालाही वायर लागते."

"का पण?"

"लागते म्हणून लागते. पोर्शन संपवायचाय मला."

झालं. लागते म्हणून लागते हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. जोडीदारीण समजावायची, "अगं, सर सांगतात ना, खुपस काळ्यात आणि मोकळी हो." ती खुपसायची. बोर्डावर हात तिचा चालायचा आणि जर्नल मी लिहायची, कारण अक्षर माझं चांगलं. तिने जोडलेलं बरोबर चालायचं, म्हणून माझी अडचण कुणाला दिसलीच नाही.

ऑक्टोबरात पहिली चाचणी झाली, आणि ती एकेकट्याने द्यायची होती. मला आलं पहिलंच चित्र, दोन्ही एक असतील तरच दिवा. माझा हातखंडा! मी जोडलं. एकच्या जागी लाल वायर, शून्याच्या जागी वायर काढून मोकळं. आणि दिवा ढिम्म विझेना. एक आणि एकला पेटलेला, एक आणि शून्यला पेटलेला, शून्य आणि शून्यलाही पेटलेला! मी वायरी हलवल्या, चिप दाबली, बोर्डाला शिव्या दिल्या. सर आले, त्यांनी पेटलेला दिवा पाहिला.

"शून्याची वायर कुठाय?"

"सर, शून्य म्हणजे काहीच नाही. काहीच नाहीला—"

"मग तुलाही काहीच नाही," सर म्हणाले आणि त्यांनी कागदावर एक भलं मोठं शून्य काढलं. वर म्हणाले, "वार्षिक प्रॅक्टिकलला हेच केलंस तर वर्ष गेलं समज. प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं."

घरी आले तर टोपली खिळ्यावर होतीच. मला वाटलं, ती माझ्याकडे बघून दात काढतेय. आईला सांगितलं नाही. रात्री भात ताटात तसाच ठेवला, आणि आई म्हणाली, "गाडीत काय खाल्लंस गो?"

त्यानंतर मी काळ्या भोकात वायर खुपसू लागले. अक्कल येऊन नाही, भिऊन. पण न कळता केलेलं काम माझ्या हातात टिकत नाही. एक बोर्ड जोडला की दुसऱ्यावर विसरायची. चार वायरी काळ्यात जायच्या, पाचवी राहून जायची, आणि दिवा वेड्यासारखा वागायचा. आणि दर वेळी मनात तेच. का? काहीच नाही हे आपोआप काहीच नाही का राहत नाही?

फेब्रुवारी-मार्चात मिठागर भरात असतं. रविवारी आणि सुट्टीला मी आईबरोबर जायचीच. शिक्षण म्हणून घरचं काम सुटत नाही. वार्षिक प्रॅक्टिकलला आठवडा राहिला असेल तेव्हाची गोष्ट. अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला खाडीला मोठी भरती येते. आईने सकाळीच सांगितलं, "बांधातल्या तिन्ही उघाड्यांना फळ्या घाल. पलीकडे मीठ पिकलंय, उद्या ओढायचंय. मग बस तुझं पुस्तक घेऊन."

मी गेले. पहिल्या उघाडीशी पाणी होतं, फळी घातली. दुसरीशी पाणी होतं, फळी घातली. तिसरी बांधाच्या पार टोकाला. तिच्यापाशी खाडीकडच्या पाटात पाण्याचा थेंब नाही. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. मी म्हटलं, इथे पाणीच नाही तर अडवायचं काय? फळी जड, ऊन मी म्हणत होतं आणि डोक्यात परीक्षा. फळी बांधावर तशीच टाकली आणि करंजाच्या सावलीला जाऊन पुस्तक उघडलं.

आईची हाक आली तेव्हा मी आयसीच्या पायांचे नंबर पाठ करत होते. हाक कसली, किंकाळीच! मी धावत गेले. तिसऱ्या उघाडीतून खाडी आत शिरली होती. पिकलेल्या मिठाच्या वाफ्यांवर गुडघाभर गढूळ पाणी चढलं होतं आणि खालचं पांढरं मीठ डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं. आई पाण्यात उभी राहून माझ्या नावाने खडे फोडत होती. मी उडी मारली, दोघींनी मिळून फळी खाचेत बसवली. पण उशीर झाला होता. आईची चार दिवसांची मेहनत विरघळून गेली होती.

"फळी का नाय घातलीस?" आई ओरडली.

"पाणी नव्हतं गं तिथे. सुकं होतं."

"सुकं होतं? ते मघाशी! अगो, उघाडीवर कोण नसला म्हणजे तिथं काय नाय असं होत नाय. जिथं कोण नाय तिथं खाडी असते! सुकं ठेवायचं तरी फळी लागते. सुकं आपोआप राहत नाय गो बाई, सुकं ठेवावं लागतं!"

मी गुडघाभर चिखलपाण्यात उभी होते. डोळ्यांसमोर आईचं मीठ जात होतं. आणि मला हसू फुटलं. खरंच सांगते, खो खो हसले मी. शून्याला वायर का लागते ते मला त्या क्षणी कळलं होतं. चिपचा पाय मोकळा सोडला म्हणजे तो शून्य होत नाही. त्याच्यावर कुणी नसतं म्हणून आतली वीज त्याला आपला म्हणते, आणि तो एक होऊन बसतो. शून्य हवं असेल तर ते राखावं लागतं. फळी घालावी लागते. काळी वायर म्हणजे फळी! चिपच्या आत नेमकं काय घडतं ते मी पुढे रीतसर शिकले, आणि खाडीचा दाखला तिथे तंतोतंत बसत नाही हेही शिकले. पण त्या दिवशी मला तेवढं पुरलं.

"मीठ गेलं आणि हसतेस?" आईने चिखलाचा गोळा मारला तो बरोबर माझ्या कानशिलावर बसला. तो मी आनंदाने खाल्ला. पण संध्याकाळी आई काकीला सांगत होती की पोरीचं डोकं गाडीत बसून बसून फिरलंय, तेव्हा मात्र मला आतून फार लागलं. तिचं मीठ गेलं होतं, आणि मी पास झाले नाही तर ते फुकटच गेलं असतं. त्या रात्री टोपलीकडे बघून मी मनात म्हटलं, बघतेच तुझ्याकडे.

सोमवारी सरांना म्हटलं, "सर, शून्याला वायर का लागते ते कळलं." सर जर्नलांच्या गठ्ठ्यात बुडाले होते. मान वर न करता म्हणाले, "परीक्षेत दाखव."

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पांढरे केस, आवाज हळू पण असा की सगळे उभे राहतील. बोर्ड पाच, म्हणून पाच पाच जणांच्या तुकड्या. पहिल्या तुकडीत माझी जोडीदारीण. तिला तिसऱ्या टेबलावरचा बोर्ड मिळाला. अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती तोंडाला ओढणी लावून.

"काय झालं गो?"

"दोन ओळी चुकल्या. सगळं सरांनी सांगितलं तसंच जोडलं, अल्लाशपथ! आठांतल्या दोन ओळी चुकतातच. बाईंनी नुसतं बघितलं आणि कागद ठेवून घेतला." ती रडू लागली. "अब्बांना काय सांगू?"

तिला धीर देणार तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आणि टेबल? तिसरं! तोच बोर्ड.

माझ्या चिठ्ठीवरही तेच चित्र होतं. तीन बटणं, तिघांपैकी कुठल्याही दोघांनी हो म्हटलं की दिवा लागला पाहिजे, एकट्याच्या 'हो'ने लागता कामा नये. आता बटणं वापरायची होती. मी निवांतपणे जोडलं, एक पाय मोकळा सोडला नाही. मग तक्त्यातली एकेक ओळ, म्हणजे तीन बटणांच्या आठ जुळण्यांपैकी एकेक, तपासायला घेतली. तिन्ही शून्य, दिवा बंद. बरोबर. नुसतं तिसरं हो, दिवा बंद. बरोबर. नुसतं पहिलं हो, दिवा चालू! चूक. नुसतं दुसरं हो, दिवा चालू! चूक. बाकी सगळं बरोबर. नेमक्या दोन ओळी चुकल्या, माझ्या जोडीदारणीसारख्याच.

सर जवळून गेले, दिवा पाहिला, म्हणाले, "मगाचच्या पोरीने आयसी जाळली असेल." नवी आयसी दिली. मी बसवली. पुन्हा त्याच दोन ओळी. सरांनी खांदे उडवले आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. घड्याळात दहा मिनिटं उरली होती. मला पेणचं स्टेशन दिसलं, घराचं दार दिसलं, खिळा दिसला.

मी हात बोर्डावरून उचलले आणि नुसती बघत बसले. दोन्ही चुकलेल्या ओळींत एक जण हो म्हणतोय आणि दिवा लागतोय. म्हणजे दुसरं कुणीतरी गुपचूप हो म्हणतंय. कोण? दोन्ही ओळींत तिसरं बटण शून्यावर होतं. शून्यावर होतं, म्हणजे तसं दिसत तरी होतं. आणि एकदम आई डोक्यात ओरडली. जिथं कोण नाय तिथं खाडी असते!

मी ताडकन उभी राहिले. "सर, आयसी चांगली आहे. हे तिसरं बटण शून्यावर सरकतं, पण खाली जमिनीला पोचत नाही. तिथे कुणीच नाही. फळी नुसती दिसते, बसलेली नाही!"

सर म्हणाले, "फळी?" बाई मात्र उठून माझ्या टेबलाशी आल्या. "दाखव," एवढंच म्हणाल्या.

मी तिसऱ्या बटणाची वायर काढली आणि सरळ काळ्या भोकात घातली. पहिलं बटण हो केलं. दिवा बंद. ते परत घेतलं, दुसरं हो केलं. दिवा बंद! तो विझलेला दिवा मी जन्मात विसरणार नाही. लोक दिवा लागला की टाळ्या वाजवतात, मी विझला म्हणून नाचायची बाकी राहिले होते. बाईंनी सरांकडून मीटर मागवला, बोर्ड उलटा केला. तिसऱ्या बटणाच्या खाली हिरवा गंज चढला होता आणि जमिनीकडे जाणारी तार सुटून आली होती.

"मगाशी ती मुलगी याच बोर्डवर होती ना?" बाईंनी सरांना विचारलं. "तिला परत बोलवा. दुसरा बोर्ड द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?"

मी सरांकडे पाहिलं, मग खरं ते सांगितलं. "आईने. मिठागरात." आणि मग सगळंच सांगितलं, उघाडी, सुका पाट, चार दिवसांचं मीठ, कानशिलावर बसलेला गोळा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, माझ्या जर्नलवर सही केली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी विषय कोणता घेणार?"

"कम्प्युटर."

"घेच," त्या म्हणाल्या.

मी बाहेर थांबले. थोड्या वेळाने जोडीदारीण दुसऱ्या बोर्डवर आठही ओळी बरोबर करून बाहेर आली. तिने मला व्हरांड्यातच मिठी मारली. "मीठवाली, तू माझं वर्ष वाचवलंस गो!" सरही बाहेर आले. काही क्षण चपला शोधल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ते का लागतं ते मी तेव्हा सांगायला हवं होतं." मी भांडले नाही. इतकी खूष होते की भांडायला सुचलंच नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "कागद दाखव, मग बोल." आईचा कारभार असाच, रोखठोक.

कागद जूनमध्ये आला. मी पास, प्रॅक्टिकलला वर्गात पहिली. एस.टी.तून उतरले ती बांधावरून धावतच आले. आई दारात तांदूळ निवडत होती. तिने कागद हातात घेतला, उलटा सुलटा पाहिला, मला परत दिला आणि उठून सरळ खिळ्याकडे गेली. तिने टोपली काढली. म्हटलं, हिने निकाल चुकीचा वाचला की काय!

आई टोपली घेऊन अंगणात गेली. तिथे कोंबडी नव्या पिल्लांना घेऊन फिरत होती. आईने टोपली उलटी केली आणि कोंबडी पिल्लांसकट तिच्याखाली झाकली.

"आता ही हिची," ती म्हणाली. "काकी मला हात द्यायला तयार हाय, पुढल्या वर्षीपण. विचारलंय मी."

"कधी विचारलंस?"

"मीठ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, टोपलीवर ठेवायला दगड शोधत राहिली. "तू हसलीस ना, तेव्हाच मला कळलं, हिला कायतरी सापडलंय. आणि त्या बाईला सांगितलंस ना, फळीचं कोणी सांगितलं ते?"

"सांगितलं गं. पहिलं तेच सांगितलं."

"मग बरं," आई म्हणाली आणि तिने टोपलीवर दगड ठेवला.